अक्काच्या डोहाळ्याची डीव्हीडी

दिवाळी सरली की आमच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर ऊस सांडायला सुरुवात होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर दुसऱ्या मजल्याला टेकेल एवढा रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी असं काही गाणं, की ज्याचे शब्द कुणालाच कळत नाहीत, नुसता ठेका कळतो. गतिरोधक आला की ट्रॉलीला उचकी लागते आणि चार-पाच कांडी रस्त्यावर पडतात. मी पन्नाशीला टेकलेली बाई, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला, गळ्यात ओळखपत्र. तरी इकडंतिकडं बघते आणि एक कांडं उचलून पिशवीत टाकते. विकतच्या उसाला ही चव नसते, कुणी काहीही म्हणो.

मग घरी येऊन पायरीवर बसायचं, दातानं साल ओढायची आणि बोटं चिकट करून घ्यायची. बोटं चिकट झाली की मला कोडोलीचं आमचं गुऱ्हाळ आठवतं. ते आठवलं की हमखास तो एकच हंगाम आठवतो, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. बाकीचे हंगाम एकमेकांत विरघळून गेलेत. कुठल्या वर्षी ऊस चांगला होता, कुठल्या वर्षी पावसानं चिपाडं भिजली, काही सांगता यायचं नाही. त्या वर्षीचं मात्र सगळं लख्ख आठवतं. त्या वर्षी मी तीन डीव्हीड्या केल्या होत्या. आता हसू येईल, पण त्या तीन तबकड्यांनी माझा जीव खाल्ला होता.

त्या काळी मला लिनक्सचं खूळ लागलं होतं. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था, फुकट मिळणारी, कुणा एका मालकाची नसलेली. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली. मला हे फार आवडलं होतं. चोरून घातलेली सॉफ्टवेअरं वापरायची नाहीत, असं मी एके दिवशी ठरवलं आणि घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून लिनक्स घातलं. मग दिसेल त्याला त्याचं महत्त्व सांगत सुटले. लॅबमधले सहकारी मला बघून चहाला निघून जायचे. आमची आई गावात सांगत फिरायची, की राजीच्या कॉम्प्युटरला म्हणे रोगच होत नाही, काय घातलंय कोण जाणे. राजी म्हणजे मी, राजमती. आई म्हणायची ते खरं होतं. रोग होत नव्हता. पण माझ्या कॉम्प्युटरवर केलेली वस्तू दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालेल की नाही, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. आपल्या घरात चाललं म्हणजे जगात चाललं, असा माझा खाक्या होता.

आमची अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. रत्नागिरी रस्त्यावर मलकापूरला दिलेली. लग्नानंतर एकही हंगाम तिनं चुकवला नव्हता. गुऱ्हाळ पेटलं की दुसऱ्या दिवशी अक्का एसटीतून उतरायची, चांगली आठ दिवस राहायची. पिशवी ओसरीवर टाकायची आणि आईला भेटायच्या आधी काहिलीकडं धावायची. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली थोरली कढई, दहा माणसं आत बसतील एवढी. तिला उकळी फुटते तेव्हा आधी कडेनं फेस येतो, मग मधून एक फुगा वर येतो, आणि मग सगळा रस एकदम जागा होतो. ते बघायला अक्का लहानपणी शाळा बुडवायची. आप्पा, आमचे वडील, स्वतः गूळ काढायचे. ते तिला ओरडायचे, मागं सर म्हणून, आणि ती बोटभर मागं सरकायची.

त्या वर्षी अक्का येऊ शकणार नव्हती. आधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हाती काही आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढायचं नाही. अक्का मुकाट्यानं पडून राहिली. पण तिनं एक विचित्र नियम केला. घरात कुणी बाळ हा शब्द काढायचा नाही. मुलगा की मुलगी म्हणायचं नाही, नाव सुचवायचं नाही, टोपडं शिवायचं नाही, दुपटं तर नाहीच. आई फोनवर चुकून म्हणाली, हालचाल जाणवते का गं, तर अक्कानं फोन दाजींच्या हातात दिला. दाजी म्हणजे तिचा नवरा, साधा माणूस, शाळेत कारकून. ते हळूच बाहेर येऊन म्हणाले, ती पोटावर हातसुद्धा ठेवत नाही. आईनं फोन ठेवला आणि तुळशीजवळ जाऊन बसली. मला तेव्हा कळलं, की अक्का रुसलेली नाही, ती भ्यालेली आहे. आधी दोनदा ती पोटाशी बोलली होती, म्हणून आता बोलत नव्हती.

डोहाळे काय लागलेत, हे सगळ्यांनी विचारून झालं. चिंचा झाल्या, पेरू झाले, आईनं काकवीचा डबा पाठवला. अक्कानं झाकणही उघडलं नाही. मग मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "राजे, एक सांगू? मला काहिलीला उकळी फुटल्याली बघायचीय."

एवढंच. मी आईला सांगितलं. आईनं हातातलं काम टाकलं. म्हणाली, डोहाळा हाय, पुरा झालाच पायजे. मी तोंड भरून म्हटलं, त्यात काय, मी करून देते. आजकाल फोन काढून चित्रण करायचं आणि पाठवून द्यायचं, मिनिटाचं काम. तेव्हा आमच्या फोनमध्ये आवाज आला तरी आम्ही खूश असायचो. अक्काच्या उशाशी मात्र दाजींचा कॉम्प्युटर होता. तिला पडल्यापडल्या काही बघता यावं म्हणून त्यांनी टेबलासकट आत आणून ठेवला होता. मी म्हटलं, डीव्हीडी करू.

लॅबमधल्या मैत्रिणीचा हँडीकॅम मागून घेतला आणि रविवारी कोडोली गाठली. चित्रण करायचंय म्हटल्यावर गुऱ्हाळावर काय धांदल. आई आत जाऊन इरकली नेसून आली. आप्पांनी टोपी बदलली. काहिलीखालच्या चुलाणात उसाची वाळलेली चिपाडं घालणारा शिवा, एरवी उघड्या अंगानं असायचा, तो शर्ट घालून आला आणि घामानं भिजला. मी कॅमेरा सुरू केला, तर सगळे एका रांगेत उभे, हात खाली, मान ताठ, श्वास रोखलेला. मी म्हटलं, अहो हला की जरा. कुणी हलेना. फोटो हलला तर बिघडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार मिनिटं तशीच गेली. मागं काहील उकळतेय, धूर चाललाय, कुत्रं येऊन जातंय, आणि आमचं खानदान पुतळ्यासारखं. शेवटी रस उतू जायला लागला तेव्हा आप्पांचा पुतळा मोडला आणि ते शिव्यागाळी करत धावले. मग पुढं सगळं छान झालं.

छान म्हणजे काय, तर आप्पांचं ओरडणं. त्यांना हळू बोलता येतच नव्हतं. ऊस गाळणाऱ्या इंजिनाच्या आवाजाच्या वर बोलायची जन्मभराची सवय, त्यामुळं जेवतानाही पाणी मागितलं तर शेजारचा तांब्या घेऊन यायचा. जाळ वाढीव म्हणून ओरडायचे, कमी कर म्हणून ओरडायचे, आणि गूळ उतरवायच्या वेळी पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटानं वळून बघताना मात्र एकदम गप्प व्हायचे. सगळं गुऱ्हाळ त्यांच्या बोटांकडं बघत राहायचं. ती शांतता मला चित्रणात घेता आली, याचा मला आजही अभिमान आहे.

पहिली डीव्हीडी मी अर्ध्या तासात केली. चित्रणाची फाइल उचलली, तबकडीवर टाकली, झालं. माझ्या कॉम्प्युटरवर लावून बघितली, झकास चालली. दाजी येऊन घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचा फोन, की कॉम्प्युटर विचारतोय ही फाइल कशानं उघडू. मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरलाच अक्कल नाही. ते म्हणाले, असंल की, पण आमचा हायच तसा, त्याला काय करू. मी आणखी चार गोष्टी सुनावल्या. चोरीची सॉफ्टवेअरं, कंपन्यांची दादागिरी, सगळं. दाजींनी ऐकून घेतलं. मागून अक्काचा आवाज आला, चाललं का हो, आणि दाजी म्हणाले, उद्या बघू.

मग अभ्यास केला. माझ्या कॉम्प्युटरला मी वर्षभर सगळं शिकवलं होतं, म्हणून तो माझी कुठलीही फाइल वाचायचा. दाजींच्या कॉम्प्युटरला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याला समजायचं असेल तर तबकडी ठरलेल्या रीतीनं बांधायला हवी होती. चित्र ठरलेल्या मापाचं, आवाज ठरलेल्या पद्धतीचा, आणि हे सगळं एका ठरलेल्या नावाच्या कप्प्यात. नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं चालत नाही. लिनक्सवर हे करून देणारं सॉफ्टवेअर होतं, तेही फुकट. कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी फावल्या वेळात ते लिहिलं होतं. मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात हात जोडले. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला चित्रण बदलायला सकाळपासून दुपारपर्यंत लागलं. पंख्याचा आवाज असा, की शेजारीण विचारून गेली, पिठाची गिरणी घातली का.

दुसरी डीव्हीडी घेऊन मी स्वतः मलकापूरला गेले. पौषातला रविवार होता. अक्काला बघितलं. माणूस बारीक झालेलं नव्हतं, उलट गोल झालं होतं, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. मी बढाया मारत तबकडी आत सरकवली. कॉम्प्युटर थोडा घरघरला आणि म्हणाला, तबकडी रिकामी आहे. मी पुन्हा घातली. रिकामी. तिसऱ्यांदा घातली. अक्का कुशीवर पडून माझ्याकडं बघत होती.

"राहू दे, राजे," ती म्हणाली. "दोन झाली की."

तिला काय म्हणायचंय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अक्काच्या सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. दाजी कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी उगीच हलवायला लागले. मी काही तरी बोलले असेन, आठवत नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. माझ्या आडमुठेपणाचा मला इतका राग आला होता, की शेजारच्या बाईनं शेंगा पुढं केल्या तर मी तिलाच फटकारलं. एका तबकडीवरून कुणी असा अर्थ काढू नये, हे मलाही कळत होतं. पण पडून पडून माणूस कशातून काय अर्थ काढेल, सांगता येत नाही. आता तिसरी चालली नाही, तर अक्का कशाला काय समजेल, या विचारानं मला घास जाईना.

घोळ कुठं झाला ते दोन दिवसांनी सापडलं. तबकडीवर लिहून झालं की ती बंद करावी लागते. आता यात काही भरायचं नाही, असं शेवटी नोंदवावं लागतं. मी ती उघडीच ठेवली होती. माझ्या कॉम्प्युटरला सवयीनं कळायचं, दुसऱ्याला वाटायचं अजून लिहायचंच आहे. वर मी घाईघाईनं सगळ्यांत जास्त वेगानं लिहिली होती. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांना डीव्हीडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण घाई म्हणजे काय ते ठाऊक होतं. म्हणाले, घाईनं उतरवलेला गूळ आपल्या घरात बरा दिसतोय, बाजारात न्हेला की पाघळतोय. मग माझ्याकडं बघून इंजिन बंद असतानाही ओरडले, सावकाश कर की.

तिसरी सावकाश केली. कमीत कमी वेग, चांगल्यातली तबकडी, शेवटी नीट बंद. सुरुवातीला एक पाटी केली, पिवळ्या अक्षरांत, अक्काचं गुऱ्हाळ. चार मिनिटांचे पुतळे काढून टाकायला निघाले होते, पण मग वाटलं, असू देत. आणि मग मी ती तबकडी घेऊन दारोदार फिरले. कॉलेजच्या ऑफिसात चालवून बघितली. दातांच्या डॉक्टरांकडं नंबर लावला, माझे दात चांगले असताना, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून घेतली. कोडोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात चालवली, तेव्हा गिऱ्हाईकं कागद हातात धरून पुतळ्यांना हसत उभी राहिली. जिथं जाईल तिथं आप्पा ओरडत होते आणि काहील उकळत होती. माझ्या लिनक्सवर केलेली वस्तू परक्या घरात, परक्या कॉम्प्युटरवर, कुणालाही काही न विचारता चालत होती. तो आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी एकीच्या दोन प्रती केल्या. एक बिघडली तर दुसरी. आता काही व्हायचंच नाही, असं स्वतःला बजावलं.

माघात डोहाळजेवण ठरलं. अक्का नको नको म्हणत होती, पण दोन्हीकडच्या आयांपुढं तिचं काही चाललं नाही. आमच्याकडं सूर्य बुडायच्या आत जेवायची रीत, त्यामुळं कार्यक्रम दुपारचा. अक्काला उठवायचं नव्हतं, मग झोपाळा कसला. आप्पांनी कोडोलीहून शेंड्यासकट ऊस आणला आणि दाजींनी तो पलंगाच्या चारी पायांना बांधला. वर शेवंतीच्या माळा सोडल्या. अक्का त्या मांडवाखाली आडवी. गल्लीतल्या बायका आल्या. आत पुरणपोळ्या चालल्या होत्या, कटाच्या आमटीचा वास सुटला होता. आप्पा आणि दाजी रिवाजाप्रमाणं बाहेरच्या खोलीत. आईनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि मधोमध माझ्या दोन डीव्हीड्या. बायकांना हसू फुटलं. आई म्हणाली, हसताय काय, डोहाळा हाय तिचा, मग ओटीतच द्यायचा की.

मला आईचं कौतुक वाटलं. पुढं होऊन मी तबकड्या उचलल्या आणि उलटून बघितल्या. दोन्ही तबकड्यांच्या चकाकत्या बाजूला हळदीची पाच बोटं ओढलेली. मधल्या भोकाभोवती कुंकू. त्यावर अक्षता चिकटलेल्या. हळद वाळून कडक झाली होती.

मी आईला विचारलं, हे काय केलंस. आई म्हणाली, नवी वस्तू अशी भुंडी देतात का. मी म्हटलं, अगं पण ही बाजू कशाला, मागं लिहायची बाजू होती की. आईला ते पटेना. चकाकतंय ते तोंड, कुंकू तोंडालाच लावत्यात. बरं, मग एकीला लावायचं, दोन्हींना कशाला? तर दुसरीनं काय घोडं मारलं होतं, असं आईचं म्हणणं. वर म्हणाली, घरात येळ काढून चांगलं दाटसर लावलंय. तिचा काय दोष. दोनदा न चाललेली वस्तू, तिसऱ्यांदा तिनं देवाच्या भरवशावर सोडली होती. मला राग यायला हवा होता, पण रागाची जागा भीतीनं घेतली होती. मी तबकडी तशीच लावून बघितली. कॉम्प्युटर घरघरला, खरखरला आणि गप्प झाला. अक्कानं डोळे मिटून घेतले.

मी दोन्ही तबकड्या घेऊन मोरीकडं धावले. कोमट पाणी, साबणाचा फेस, बोटाच्या पेरानं हलकेच. हळद काही लवकर सोडते का. सोडली शेवटी, पण आता पुसायची कशानं? टॉवेलनं ओरखडे पडले असते. आईचा पदर जरीचा. मी ओरडले, मऊ कापड द्या कुणीतरी, लोण्यासारखं मऊ. सगळ्या जणी आपापल्या साड्या चाचपायला लागल्या. तेव्हा सासूबाई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चौकोनी कापडांची एक घडी होती. जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, कडा नीट मुडपून शिवलेल्या. कोपऱ्यांना नाड्या होत्या.

लंगोट होते ते. दोन डझन तरी असतील. अक्का दुपारची झोपली की सासूबाई आत बसून शिवायच्या आणि ट्रंकेत तळाशी ठेवायच्या. तीन महिने कुणाला पत्ता नाही. आता भर बायकांत, अक्काच्या डोळ्यांदेखत त्या उभ्या होत्या आणि चोरी सापडल्यासारख्या खाली बघत होत्या. अक्का त्या घडीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. तिनं फिरवलं नाही. मी त्यातला एक घेतला. मधून कडेकडं सरळ पुसायचं, ताट पुसतात तसं गोल फिरवायचं नाही, हे मला अभ्यासात कळलं होतं. तसंच सरळ पुसलं.

तबकडी आत सरकवली. घरघर झाली. पडदा काळा. मग पिवळी अक्षरं आली, अक्काचं गुऱ्हाळ. आणि मग आमचं अख्खं खानदान, हात खाली, मान ताठ.

बायकांनी जे हसायला सुरुवात केली, ते पुरणपोळ्या करपल्याचा वास आला तरी थांबल्या नाहीत. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या. आई इरकलीतल्या स्वतःकडं बघून म्हणाली, मी एवढी जाड दिसते व्हय. बाहेरच्या खोलीतून आप्पांनी विचारलं, चाललं का. पण त्यांना उत्तर पडद्यावरच्या आप्पांनीच दिलं, कारण रस उतू जायला लागला होता आणि ते ओरडत धावले होते. आत एक आप्पा, बाहेर एक आप्पा. मी एवढी हसले की खालीच बसले.

आता मोबाइलमध्ये रोज शंभर चित्रफिती येतात. बघितल्या न बघितल्या की वर सरकतात. मी त्याला नावं ठेवत नाही, मीही बघते. माझ्या आजच्या कॉम्प्युटरला तर तबकडी घालायची फटच नाही. लॅबमधली मुलं डीव्हीडी उन्हात धरून रंग बघतात आणि परत देतात. पण कधी कधी वाटतं, एखादी गोष्ट दुसऱ्याच्या घरी चालावी म्हणून इतका खटाटोप केला, की ती गोष्ट आपल्याला नीट कळते. आप्पांचं ओरडणं मी तीस वर्षं ऐकत होते, पण ते तुकडे जोडताना पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. त्यात राग औषधालाही नव्हता.

आणि हे लिहिताना उगाच कुणाला टांगून ठेवत नाही. चैत्रात अक्काला मुलगी झाली. चांगली खणखणीत. आज नववीत आहे आणि एक मिनिट गप्प बसत नाही. लिनक्सवरून माझी टिंगल करते. तिला मी अजून हे सांगितलेलं नाही, की तिच्याशी तिची आई पहिल्यांदा कधी बोलली ते मला ठाऊक आहे. मी तिथंच खाली बसले होते, पलंगाच्या पायाला बांधलेल्या उसाला टेकून.

पडद्यावर काहिलीच्या कडेनं फेस आला. मधून एक फुगा वर आला. मग सगळा रस एकदम जागा झाला. बायकांचं हसणं ओसरलं, सगळ्या जणी बघायला लागल्या. आप्पा जाळ वाढवायला सांगत होते, आवाजानं कॉम्प्युटरचा स्पीकर फाटत होता. अक्का कुशीवर वळली. सहा महिने तिनं जो हात उशीखाली कोंडून ठेवला होता, तो काढला आणि पोटावर ठेवला. कुणाकडंही न बघता, अगदी हळू, शेजारी निजलेल्याशी बोलावं तशी ती बोलली.

"ऐकलंस का? ह्यो तुझा आज्जा. लई वरडतोय, पर भ्यायचं न्हाय. पुढच्या हंगामाला जाऊ आपण दोघं."